डहाळ्यांचा मांडव ते लॉन्स: शिरूर-दौंडच्या लग्नमांडवाचा इतिहास

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले, पर्जन्यछायेत येणारे तालुके. दोहोंच्या मधून भीमा वाहते आणि शिरूरच्या उत्तर अंगाला घोड नदी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची हद्द आखते. या पट्ट्यात लग्न पूर्वापार उघड्यावर लागत आले आहे. घरे लहान, गोतावळा मोठा आणि लग्नसराईचे बहुतेक महिने कोरडे, त्यामुळे घरापुढचे अंगण, पीक निघाल्यावर मोकळे झालेले खळे किंवा मारुतीच्या देवळासमोरची जागा हेच लग्नाचे ठिकाण असे. त्या जागेवर सावली धरण्यासाठी जो मांडव घातला जाई, तोच या भागातल्या सगळ्या सार्वजनिक समारंभांच्या रचनेचा पाया आहे.

गेल्या दोनशे वर्षांत या मांडवाचे साहित्य बदलले, तो घालणारे हात बदलले आणि खर्च कोणाच्या माथी पडतो तेही बदलले. आधी तो गावाचे सामाईक काम होता, पुढे भाड्याने आणायची वस्तू झाला आणि आता तो ठेक्याने द्यायचा व्यवसाय आहे. हे बदल केवळ हौसेमुळे झाले नाहीत. सावकारी, रेल्वे, वीज, कालवे, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहत यांनी या भागाचे जीवन जसे घडवले, तसाच त्यांनी इथला मांडवही घडवला.

डहाळ्यांचा मांडव

जुन्या पद्धतीचा मांडव उभा राही तो मुहूर्तमेढीपासून. लग्नाआधी चांगला दिवस पाहून अंगणात एक मेढ, म्हणजे दुबेळके असलेला लाकडी खांब, रोवली जाई. तिला आंब्याची पाने आणि पिवळ्या फडक्यात हळकुंड, सुपारी बांधत आणि सुवासिनी तिची पूजा करत. ही मेढ रोवली की घरात कार्य सुरू झाले असे गाव धरून चाले. मांडवाचे बाकीचे खांब नंतर येत, पण त्या पहिल्या खांबाला देवाचा मान असे.

खांबांवर आडवे वासे टाकून त्यांवर झावळ्या, कडब्याच्या पेंढ्या किंवा डहाळ्या पसरत. जिथे ऊस होता तिथे पाचटही वापरात येई. शिरूरच्या कोरडवाहू गावांत सर्वांत हाताशी असे ते लिंब आणि निरगुडी. लिंबाच्या डहाळ्या उन्हाळ्यातही हिरव्या मिळतात, त्यांची सावली गार पडते आणि दोन-तीन दिवस त्या तग धरतात. अशा छपराचा आणखी एक उपयोग होता. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वावटळ उठते, वळवाचा पाऊस येतो. डहाळ्यांच्या छपरातून वारा आरपार जातो, त्यामुळे मांडव उचलला जाण्याची भीती राहत नाही. कापडी मांडवाला हा गुण नव्हता, म्हणून पुढे त्याला जमिनीत मेखा ठोकून दोरांनी ताणून बांधावे लागले.

डहाळ्या आणण्याचाच एक समारंभ होई. पुणे, नगर आणि सातारा जिल्ह्यांच्या खेड्यांत त्याला मांडवडहाळे म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतली आणि गावातली माणसे बैलगाड्या जुंपून रानात जात, डहाळ्यांनी गाड्या भरून आणत आणि वाजतगाजत मारुतीच्या देवळावरून लग्नघरी येत. बैलांच्या शिंगांना रंग लावलेला असे. ज्या घरांशी बोलणे-चालणे आहे त्यांची गाडी येणे अपेक्षित असे आणि गाडी आली नाही तर त्याची चर्चा होई. मांडव किती मोठा पडला यावरून घराचा पैसा कळत नसे, त्या घरामागे किती माणसे उभी आहेत ते कळे.

सजावट ऋतूप्रमाणे आणि रानाप्रमाणे असे. दाराशी केळीचे खुंट, चौकटीला आंब्याच्या पानांचे तोरण, झेंडूच्या माळा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर रांगोळी आणि भिंतीवर गेरू-चुन्याने काढलेली चित्रे. ज्यांच्या देवकात पंचपल्लव आहे ती घराणी वड, पिंपळ, उंबर, जांभूळ आणि आंबा यांच्या डहाळ्या मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणून मांडवाच्या खांबाला बांधत. दौंडपासून जवळच खंडोबाची जेजुरी आहे. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत लग्नानंतर जागरण-गोंधळ होतो आणि त्यासाठी पाच ऊस उभे करून त्यांचा छोटा मांडव करतात. त्याखाली चौक भरून वाघ्या-मुरळी रात्र जागवतात. लग्नाच्या मोठ्या मांडवाच्या पोटात असा दुसरा देवाचा मांडव असणे हे या भागाचे वैशिष्ट्य आहे.

कामाची वाटणी

मांडव सामाईक होता याचा अर्थ सगळे काम सगळे जण मिळून करत असा नाही. काम जातीप्रमाणे वाटलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार वर्णन केले आहे, त्यातून ही वाटणी किती बारीक होती ते दिसते. सुतार लाकडी खांब आणि चौरंग-पाट देई. कुंभाराकडून बोहल्याची मडकी आणि सुगडी येत. गुरव पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण पुरवी. परीट वधूवरांच्या वाटेवर पायघड्या अंथरी. न्हावी रात्रीच्या वरातीत मशाल धरी. कोळी पाणी भरी. तेली दिव्यांचे तेल देई, माळी मुंडावळ्या आणि हार आणी. वाजंत्री आणि हलगी मांगांकडे, काही ठिकाणी होलारांकडे असे. सरपण फोडणे, सांगावा घेऊन परगावी जाणे आणि मांडवाची राखण ही कामे महारांकडे असत. मुहूर्त काढणे आणि लग्न लावणे जोशाकडे.

या कामाचा मोबदला रोख नसे. सुगीत मिळणारे बलुते आणि लग्नाच्या वेळी मिळणारा ठरावीक हक्क, म्हणजे शिधा, नारळ, कापड, एखादे नाणे, असा तो व्यवहार होता. त्यामुळे सामान्य कुणब्यालाही रोकड न काढता मोठा समारंभ करता येई. पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर होती. ज्यांच्या हातांनी मांडव उभा राही त्यांतल्या अनेकांना त्याच मांडवात पंगतीला बसण्याचा हक्क नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक राबत, वाजवत आणि शेवटी उरलेले अन्न घेऊन जात. जुन्या मांडवाचे कौतुक करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. त्या मांडवात सर्वांचे श्रम होते, मान मात्र सर्वांचा नव्हता.

दरबारी थाट

डहाळ्यांच्या मांडवाशेजारी कापडी मांडवाची परंपराही जुनी आहे. ती खेड्यातली नव्हती, लष्कराची आणि दरबाराची होती. मराठी राज्यकारभारातल्या अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक होता. तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे, गालिचे आणि बैठकीचे सारे सामान त्याच्या ताब्यात असे. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीच्या नावात त्याची खूण आजही आहे. शिरूर-दौंडच्या लोकांनी असे कापडी मुक्काम जवळून पाहिले होते. १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी भीमाकाठी कोरेगावच्या परिसरात होती. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या त्याच वेळची, आणि त्यांची समाधी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे आहे.

मोठ्या समारंभाचे लेखी नियोजन पेशवाईत चांगले रुळले होते. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ मध्ये पुण्यात झाले. त्याच्या तयारीचे टिपण इतिहासकारांना मिळाले आहे. निमंत्रणे कोणाला, पाहुण्यांची उतरण्याची सोय, बैठकीची मांडणी, भोजनाच्या पंगती, रोषणाई अशी कामे त्यात नेमून दिलेली आढळतात. आजचे समारंभ-व्यवस्थापक ज्याला नियोजन म्हणतात, त्याचे सगळे मुख्य भाग अशा जुन्या याद्यांमध्ये आहेत. फरक एवढाच की ते काम दरबारी कारकुनांचे होते आणि त्यांच्या हाताशी फरासखान्यासारखी खाती होती. गावच्या पाटलाच्या घरी त्याची छोटी नक्कल होई. चांदवा, जाजम, अब्दागिरी आणि भाड्याचा घोडा एवढ्यावर दरबारी थाटाची हौस भागे.

इंग्रजी अमलाच्या उंबरठ्यावर शिरूरला कंपनी सरकारच्या फौजेचा तळ होता. १८१७ च्या ३१ डिसेंबरला इथूनच कॅप्टन स्टाँटनची पलटण पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्याशी तिची लढाई झाली. घोडनदी या नावाने ओळखली जाणारी शिरूरची बाजारपेठ या छावणीच्या आधाराने वाढली. कापडवाले, किराणावाले आणि सावकार इथे स्थिरावले. पुढच्या काळात लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांची माणसे ज्या पेठेत येत, ती ही पेठ.

कर्ज, दंगा आणि साधे लग्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लग्नाच्या खर्चाकडे सरकारचे आणि सुधारकांचे लक्ष गेले, ते याच भागातल्या घटनांमुळे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावरून गावच्या देशमुखाचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्यापासून पाणक्यापर्यंत सर्वांनी त्यांची कामे सोडली. लग्नाचा मांडव उभा करणारी जी कामाची वाटणी होती, तीच इथे निषेधाचे हत्यार झाली. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा झाला. त्याचे लोण केडगावसह अनेक गावांत पसरले आणि लोकांनी कर्जरोखे जाळले. हे दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहेत.

शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो, असा समज तेव्हाच्या अधिकाऱ्यांत रुजलेला होता. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हा समज तपासला आणि लग्नादी समारंभांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. सारावाढ, कापसाचे पडलेले भाव, जबर व्याज आणि सावकाराच्या बाजूने झुकलेले दिवाणी कायदे यांचे वजन अधिक होते. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. रोकड खर्च कमी ठेवणाऱ्या बलुत्याच्या मांडवाकडे पाहिले की आयोगाचा निष्कर्ष पटतो. कापड, दागिने आणि किराणा यांसाठी पैसे लागत. मांडव मात्र रानातून आणि गावातून येई.

लग्नखर्चावर दुसऱ्या बाजूने टीका केली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहिताशिवाय, अल्पखर्चाचे पहिले सत्यशोधक लग्न लागले. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत शेतकऱ्याकडून दक्षिणा कशी काढली जाते ते मांडले. १८८७ मध्ये सत्यशोधक पूजाविधीचे पुस्तक निघाले आणि त्यात वधूवरांनी एकमेकांना वचन द्यायची मंगलाष्टके दिली. या लग्नात मांडव राहिला, पण त्याखाली काय घडावे हे ठरवण्याचा अधिकार लग्नघराकडे आला. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत ही चळवळ पुढेही पसरत गेली.

रेल्वे, गॅसबत्ती आणि कर्णा

१८५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग दौंडवरून टाकला गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. रेल्वेमुळे वऱ्हाडाचा प्रवास बदलला. बैलगाड्यांनी एका दिवसाच्या वाटेवरची सोयरीक शोधण्याऐवजी नगर, सोलापूर, मनमाडपर्यंत नाती जुळू लागली. जानवसघर, म्हणजे वरपक्षाच्या उतरण्याची जागा, अधिक मोठी लागू लागली. दौंडच्या रेल्वे वसाहतीत वेगवेगळ्या प्रांतांची माणसे राहायला आली आणि त्यांच्या चालीरीतींचीही गावाला ओळख झाली.

१८७९ मध्ये पुरे झालेल्या खडकवासला धरणाचा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यात पोहोचला आणि यवत-पाटसच्या पट्ट्यात ऊस व गुऱ्हाळे वाढली. घोड नदीवर शिरूर तालुक्यातल्या चिंचणी इथे धरण झाले ते स्वातंत्र्यानंतर. पाणी आलेली गावे आणि कोरडी गावे यांच्या मांडवांत तेव्हापासून फरक दिसू लागला. बागायतदाराकडे रोकड आली आणि तिच्याबरोबर भाड्याने सामान आणण्याची ताकद आली.

उजेडाचा इतिहासही याच काळातला. मशालीची जागा आधी कंदिलांनी आणि विसाव्या शतकात दाबाच्या रॉकेल दिव्याने, म्हणजे गॅसबत्तीने घेतली. पेट्रोमॅक्स हा दिवा १९१० च्या सुमारास जर्मनीत तयार झाला आणि भारतात त्याचे नाव या प्रकारच्या सगळ्या दिव्यांना मिळाले. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांची दुहेरी रांग आणि मध्ये घोड्यावर नवरदेव हे वरातीचे रूप अनेक दशके टिकले. न्हाव्याची मशाल हा वतनी हक्क होता. गॅसबत्ती भाड्याने मिळे, तिचे पैसे रोख द्यावे लागत आणि ती धरणारा माणूस रोजंदारीवर असे. मांडवाच्या अर्थकारणातला हा पहिला ठळक बदल म्हणता येईल.

वाद्यांतही तसेच घडले. सनई-चौघडा, संबळ आणि हलगी यांच्या जोडीला पितळी वाद्यांचा बँड आला. त्याचे मूळ लष्करी बँडमध्ये आहे. पुण्यात बँडपथके नावारूपाला आली तशी त्यांना खेड्यांतूनही सुपाऱ्या मिळू लागल्या. वीज येण्याआधीच बॅटरीवर चालणारा कर्णा आला. झाडाला किंवा उंच खांबाला बांधलेल्या कर्ण्यावर ग्रामोफोनच्या तबकड्या लागल्या की शेजारच्या चार गावांना लग्न कळे.

उघड्यावर मोठा समुदाय सांभाळण्याचे आणखी दोन अनुभव या भागाच्या गाठीशी होते. संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरीला जाताना दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड इथे मुक्काम करते. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण देतात आणि एका रात्रीसाठी तंबू-राहुट्यांचे गाव वसते. दुसरा अनुभव यात्रांचा. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या महागणपतीची भाद्रपदातली यात्रा आणि गावोगावच्या जत्रा यांत तमाशाच्या कनाती लागत. कवठे येमाईसारख्या गावाने तमाशासाठी वग आणि गाणी लिहिणारे लोककलावंत दिले. बांबू, कनात, पडदा आणि उजेड वेळेत उभा करून रातोरात उतरवण्याचे कसब तमाशाच्या फडांकडे होते आणि ते या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले होते.

बलुत्याकडून भाड्याकडे

स्वातंत्र्यानंतर जुन्या वाटणीचा कायदेशीर आधार गेला. मुंबई राज्याने १९५८ मध्ये कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा केला. त्याआधीच सामाजिक पातळीवर मोठा नकार घडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगाव भीमा इथे, वर उल्लेखलेल्या लढाईच्या विजयस्तंभाजवळ आले होते. वतनी कामे सोडा, मानाने जगा, हा त्यांचा आग्रह गावोगावी पोहोचला. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने लग्नविधी नव्याने घडवला. बुद्ध आणि आंबेडकरांच्या प्रतिमा, पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील आणि साधे व्यासपीठ अशी त्याची मांडणी आहे. सरपण, सांगावा आणि राखण ही दुसऱ्याच्या मांडवातली सक्तीची कामे थांबली. मांडव गावाच्या हातून बाजाराकडे गेला, त्यामागे पैशाइतकेच हे सामाजिक कारण आहे. राबण्याची सक्ती संपली, तेव्हा कामाला दाम द्यावा लागला, आणि तो देणेच न्याय्य होते.

मंडपवाला हा नवा व्यावसायिक याच सुमारास तालुक्याच्या गावी उभा राहिला. त्याला मोठी बाजारपेठ मिळवून दिली ती सार्वजनिक उत्सवांनी. १८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव वाढला आणि त्याच्याबरोबर कमानी, पडदे, झालरी, रोषणाई करणारे कारागीर वाढले. शिरूर आणि दौंडच्या पेठांना हे सामान व कसब पुण्याहून मिळे. गणपती, नवरात्र, गावची जत्रा, निवडणुकीच्या सभा आणि लग्नसराई मिळून मंडपवाल्याला वर्षभराचे काम झाले. त्याच्या गोदामात कळक, वासे, सुतळी, काथ्या, ताडपत्र्या, रंगीत कापडाचे ताके, सतरंज्या, लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि मोठी पातेली असत. अनेक गावांत देवस्थानाने किंवा तरुण मंडळाने स्वयंपाकाची भांडी विकत घेतली आणि ती गावकऱ्यांना नाममात्र भाड्याने दिली. सामाईकपणाचा धागा भाड्याच्या काळातही असा थोडा टिकला.

कापडी मांडवाने डोळ्यांपुढचे चित्र बदलले. डहाळ्यांखाली सगळे बसलेले असत आणि बोहले त्यांच्या मध्ये असे. कापडी मांडवात एका टोकाला उंच व्यासपीठ आले, त्यावर वधूवरांसाठी सिंहासनासारख्या खुर्च्या आल्या, मागे पडदा आला आणि पाहुण्यांची तोंडे एका दिशेला वळली. छायाचित्रकार आल्यावर ही दिशा पक्की झाली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन दशकांत खेड्यांत वीज पोहोचली. माळा, ट्यूबलाइट, ध्वनिक्षेपक आणि पुढे जनित्र हे मंडपवाल्याच्या यादीत सामील झाले. गोरज मुहूर्तावर लग्न लावून रात्री पंगती उठवणे सोपे झाले.

१९७२ च्या दुष्काळाने या वाढीला खीळ घातली. शिरूर-दौंडची अनेक घरे खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर गेली. लग्ने लांबली किंवा दारातच चार माणसांत उरकली. सामुदायिक विवाहांची कल्पना अशा काळात लोकांना अधिक पटली. एकाच मांडवात अनेक जोडपी, एकच जेवणावळ आणि खर्चाचा भार संस्थेवर, अशी तिची रीत. पुढे राज्य सरकारनेही शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल सामूहिक विवाह योजना आणली.

कारखाने, महामार्ग आणि लॉन्स

१९८० नंतर पैशाची तीन नवी साधने आली. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने झाले. चासकमान आणि कुकडी प्रकल्पांचे पाणी शिरूरच्या गावांना मिळू लागले. १९९० च्या दशकात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि दौंडमध्ये कुरकुंभची वसाहत वाढली. जमिनीचे भाव चढले, शिक्रापूर-कोरेगावपासून रांजणगावपर्यंतचा पट्टा निमशहरी झाला आणि पुणे-नगर तसेच पुणे-सोलापूर हे दोन्ही महामार्ग रुंद झाले.

या रस्त्यांच्या कडेला मंगल कार्यालये आणि त्यांना जोडून लॉन्स उभी राहिली. लॉन्स म्हणजे हिरवळीचे मोठे मैदान, एका बाजूला कायमचे व्यासपीठ, मागे स्वयंपाकघर, पुढे वाहनतळ. गावातल्या अरुंद गल्लीत हजार-दोन हजार माणसांची आणि त्यांच्या गाड्यांची सोय होत नव्हती, ती इथे झाली. शेतजमिनीचा मालक कार्यालयाचा मालक झाला. मांडव प्रत्येक लग्नासाठी उभारायचा आणि उतरवायचा ही गरज कमी झाली आणि सजावट हा स्वतंत्र धंदा बनला. कळकाच्या जागी लोखंडी पाइप, मग ॲल्युमिनियमचे ट्रस आणि घुमटाकार डोम आले. पूर्वी मांडव खणांवर मोजत, आता दर चौरस फुटाने ठरतो.

फुलांचा पुरवठाही बदलला. दारचा झेंडू आणि शेवंती राहिली, पण तिच्या जोडीला हरितगृहातला जरबेरा, कार्नेशन आणि डच गुलाब आला. मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे इथे फुलशेतीची वसाहत झाली आणि पुण्याच्या गुलटेकडी बाजारातून ही फुले लग्नसराईत चहूकडे जाऊ लागली. स्वस्त सजावटीसाठी थर्माकोल आणि कापडी-प्लास्टिकची फुले वापरात आली. पंगतीची जागा टेबल-खुर्चीने आणि मग बुफेने घेतली. आचारी आपली टोळी घेऊन येई, तिथे केटरर आला. ही सगळी कामे एका हाताखाली घेणारा आयोजक आला आणि लग्नघराला एकाच माणसाशी बोलून कार्य ठरवता येऊ लागले.

या लग्नांना इथल्या राजकारणाचाही रंग चढला. कारखाना, पंचायत समिती, बाजार समिती यांचे पुढारी लग्नाला येतात, निवेदक त्यांची नावे घेतो, फेटे बांधले जातात, सत्कार होतात आणि मुहूर्त पुढे सरकतो. पूर्वी मांडवडहाळ्याच्या गाड्या मोजून घराचे वजन ठरे, आता व्यासपीठावरच्या पाहुण्यांवरून ठरते.

कायदा आणि महासाथ

मांडवात काय चालावे यावर गेल्या पंचवीस वर्षांत कायद्यानेही मर्यादा आणल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कडक केली. रात्रभर चालणाऱ्या वराती त्यामुळे आखडल्या. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर आणि थर्माकोलच्या सजावटीवर व ताटांवर बंदी घातली. पानांच्या पत्रावळींना, कापडी सजावटीला आणि खऱ्या फुलांना त्यामुळे पुन्हा मागणी आली.

सर्वांत मोठा आघात करोनाच्या महासाथीचा. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ऐन लग्नसराई बुडाली. पुढे पाहुण्यांची मर्यादा पन्नासवर आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्याने २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा दिली. मंडपवाले, वाजंत्री, बँडवाले, आचारी, फुलवाले, छायाचित्रकार आणि त्यांच्याकडचे रोजंदारीवरचे मजूर यांचे दोन हंगाम गेले. बलुत्याच्या व्यवस्थेत अपमान होता, पण सुगीचे धान्य ठरलेले होते. भाड्याच्या आणि ठेक्याच्या व्यवस्थेत मान आला, पण हंगाम गेला की आधार राहिला नाही. या व्यवसायातल्या मजुरांना विमा, नोंदणी आणि कामाच्या सुरक्षिततेची गरज आहे हे त्या दोन वर्षांनी स्पष्ट केले. उंचावर पाइप बांधणाऱ्या आणि विजेच्या तारांखाली काम करणाऱ्या माणसांचा धोका तर रोजचाच आहे.

या सगळ्या फेरबदलांत काही गोष्टी टिकून आहेत. लग्न लॉन्सवर असले तरी मुहूर्तमेढ घरच्या दारातच रोवली जाते. हळद आणि देवक घरच्या मांडवात होतात, जागरणाला पाच ऊस लागतात आणि अनेक गावांत मांडवडहाळ्याची गाडी निघते. ती काही ठिकाणी आता ट्रॅक्टरची असते. वाया जाणाऱ्या सजावटीऐवजी लिंब, आंबा, केळ, झेंडू आणि पळसाची पाने वापरणे या भागाला नवे नाही, आणि भावकीने मिळून अंगणात मांडव घालणे आजही शक्य आहे. जुन्या मांडवातून घ्यायचे ते एवढेच: साहित्य जवळचे, खर्च आवाक्यातला आणि हात सर्वांचे. नव्या मांडवातून सोडायची नाही ती एक गोष्ट म्हणजे राबणाऱ्याला त्याच्या कामाचा पूर्ण दाम आणि पंगतीत बरोबरीची जागा. शिरूर-दौंडच्या मांडवाचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्यास पुरेसा आधार देतो.